अण्णांसाठी शिवलेलं बस्कर

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या कोर्टात उलटतपासणीला उभी राहणार होते. तारीख मागून घेतली, बाहेर बाकावर बसले आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे अण्णा आले. आता हा माणूस हार घेऊन येणार...

शिरूर कासारकडच्या माळावर बाईंची शाळा होती, ऊसतोडीला गेलेल्यांच्या आणि आसपासच्या पोरांची. सकाळी सगळे गोल बसायचे, प्रत्येकाचं आपलं चिंध्यांचं बस्कर. कुणाविरुद्ध तक्रार असली की आधी त्याच्या बस्करावर बसून त्याच्या बाजूनं बोलायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला तरच आपलं गाऱ्हाणं मांडायचं. रुखसानानं माझी वही फाडली तेव्हा मी तणतणत तिच्या बस्करावर बसले. “मी रुखसाना. मी वही फाडली, कारण...” आणि पुढं तोंडच उघडेना. आदल्या दिवशी तिच्या अब्बांच्या फळांच्या गाड्यावरून सगळ्यांपुढे तिला ‘सडकी केळी’ म्हणून चिडवणारी मीच होते. वही मीच शिवली. पुढं अंगावर काळा कोट आला तो त्या बस्करांच्या जोरावर.

अण्णांची जवळच मोठी संस्था. त्यांचे वर्ग रिकामे पडायला लागले तशी त्यांनी वर तक्रार घातली, की इथं अभ्यास नाही, पोरांना मोठ्यांना उलटं बोलायला शिकवतात. बाईंनी त्यांना गोलात बोलावलं. त्यांच्यासाठी नवं बस्करसुद्धा शिवलं! ते नुसते हसले, आले नाहीत. मान्यता गेली, कुलूप लागलं आणि बाई खचल्या त्या खचल्याच. तरी मी भेटायला गेले की म्हणायच्या, “अण्णांच्या बस्करावर बसून बघ की एकदा.” मी म्हणायचे, “ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बाई.” मग त्या चहा ठेवायला उठायच्या.

शोकसभेत अण्णा माईकपुढे आलेच. बाई म्हणे त्यांची थोरली बहीण, शाळा म्हणे तालुक्याचं भूषण... मी पिशवीतून बाईंचं बस्कर काढलं आणि त्यांच्या पुढ्यात अंथरलं.

“बसा, अण्णा. शाळेला कुलूप लागलं त्या दिवसाचं बाईंच्या बाजूनं बोला.”

मंडपातली निम्मी माणसं त्याच गोलात वाढलेली. कुणी मला खाली बस म्हणालं नाही, सगळे नुसते वाट बघत राहिले. अण्णांनी घसा खाकरला, घाम पुसला, “ही काय येळ हाय का, ताई,” म्हणाले आणि भाषण अर्धं टाकून गाडीत जाऊन बसले. मला लई बरं वाटलं. आजही वाटतं. मेलेल्या माणसाच्या सभेत असं करू नये म्हणतात. मी तर म्हणते, करावं.

पण बाईंचा नियम मी मोडला, हेही मला कळतं. आधी अण्णांच्या जागी मी बसायला हवं होतं. त्यांच्यासाठी शिवलेलं ते बस्कर बाईंच्या ट्रंकेत सापडलं, कोरं करकरीत. आता माझ्या ऑफिसच्या कपाटात असतं. रोज सकाळी फाइल काढताना हाताला लागतं, मी ते बाजूला सारते. त्याची घडी अजून मी मोडलेली नाही.