कापलेले कोपरे

१९८६ च्या उन्हाळ्यात, सदलग्याच्या अलीकडे आमच्या गावी, हौसाक्काला नदीच्या घाटावर पिशव्या धुवायला बंदी झाली. ती माझ्यामुळे झाली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – घरीही नाही.

हौसाक्का शेतकऱ्यांकडून खताची रिकामी पोती घ्यायची. आतली प्लास्टिकची पिशवी घाटावर धुवायची आणि पावसात डोक्यावरून घ्यायला तिच्या खोळी शिवायची. गावात हे काम करणारी ती एकटीच.

आम्ही पाच जण दर रविवारी नदीतलं प्लास्टिक काढत होतो. घाटाच्या खाली मासेमारीची जुनी जाळी बांधली होती. अडकलेली प्रत्येक पिशवी मोजायची आणि तीच पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून तिचा एक कोपरा कात्रीने कापायचा. मोजणी आणि वही माझ्याकडे. मी एका दैनिकाचा वार्ताहर – नोंद चोख ठेवणारा, असं सगळे समजत.

मोजलेला ढीग वीटभट्टीमागच्या खड्ड्यात पुरायची पाळी एका रविवारी माझी होती. ऊन होतं, सायकलवर दोन पोती होती. कंटाळा आला – दुसरं काय कारण सांगू? वाटेत घाटाच्या वरच्या अंगाला नदीला मिळणारा कोरडा ओढा होता, त्यात मी ती रिकामी केली.

त्याच आठवड्यात वळीव झाला. रविवारी जाळी गच्च भरलेली. पहिलीच पिशवी उचलली – कोपरा कापलेला. दुसरी, तिसरीही तशीच. तेव्हाच बोललो असतो तर? बोललो नाही. ‘मोजून झाल्या’ म्हणालो आणि सगळ्या नव्या म्हणून वहीत लिहिल्या. बहुतेक खताच्या होत्या. बातमीही मीच दिली : घाटावर खताच्या पिशव्या धुतल्याने नदीत प्लास्टिक वाढले. नाव छापलं नाही. गरज होती का?

देवळात बैठक बसली. हायस्कूलचे मास्तर आमचे म्होरके. ते म्हणाले, “आक्का, जाळीतच घावल्यात की.”

“मी फेकीन व्हय, मास्तर? फेकल्यावर शिवू काय, तुमची वही?”

मागून कोणीतरी म्हणालं, “नदीला बी एक खोळ शिवलीस वाटतं, आक्का.” लोक हसले. ती माझ्याकडे वळली. “अण्णा, तुम्ही मोजल्यासा न्हवं? माझ्याच हुत्या काय त्या? सांगा की.”

मी म्हणालो, “वहीत आहे ते आहे.”

तिच्या घराजवळ विहीर नव्हती. सार्वजनिक नळावर खताच्या पिशव्या कोण धुवू देणार? मृग आला तेव्हा तिच्या दारात एकही खोळ टांगलेली नव्हती.

जूनअखेर ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत रोजगाराला जाऊ लागली. दोन वर्षांनी वारली, तोवर तिथंच होती.