न वाजवलेलं नाणं

सुनेने सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना एकच डोळा होता, आणि तो बशीएवढा होता. डोळ्याला लावलेलं भिंग काढायला ते विसरले होते. त्याच भिंगातून त्यांनी तिला न्याहाळलं आणि म्हणाले, "कडा शाबूत आहेत. झीज नाही."

"हे कौतुक आहे बरं का," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला नुसतं 'वजन ठीक' म्हणाले होते."

सासरे जुन्या चांदीच्या नाण्यांची किंमत ठरवून देत. दुकान म्हणजे एक टेबल, एक तराजू आणि काळ्या दगडाची लादी. आधी वजन, मग राजाचा कान. नाण्यावर कानच सगळ्यात उंच, म्हणून झिजतो तोच आधी. शेवटी नाणं लादीवर टाकायचं. खरी चांदी बराच वेळ गुणगुणते, खोटं नाणं 'टप्' करून गप्प बसतं. कुणी नाणी घासून लखलखीत करून आणली की सासरे जेवत नसत. निम्मी किंमत त्या काळपटपणातच असते, म्हणत.

दोन वर्षांत सून या कामात तरबेज झाली. एक कोडं मात्र सुटेना. खणात, मखमलीच्या तुकड्यात, सासऱ्यांनी पहिल्या पगारात घेतलेलं एक नाणं होतं. ते लादीवर कधीच पडलं नव्हतं.

"बाबा, एकदा वाजवून बघू या ना."

"त्याला काय वाजवायचंय? कान बघ. जसाच्या तसा."

"घेताना तरी वाजवलं होतंत?"

सासरे भिंग पुसू लागले. भिंग स्वच्छच होतं.

"कान बघून भुललो गं. घरी आल्यावर आठवलं. लोकांना सांगत आलो, न वाजवता घेऊ नका. आणि स्वतः चाळीस वर्षं धीर केला नाही."

"मला वाटायचं, कुणा दुसरीची आठवण आहे," सासूबाई दारातून म्हणाल्या. "चाळीस वर्षं फुकट जळले मी."

सासऱ्यांनी नाणं सुनेच्या हातावर ठेवलं आणि पाठ फिरवली. "टाक."

टप्.

मग सासरे वळले, भिंग डोळ्याला लावलं आणि नाण्याची कड उजेडात धरली.

"हा बघ सांधा. साच्यात ओतलंय, खरं नाणं ठशाने पाडतात. पण कान काय काढलाय त्या लबाडाने."

टेबलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तराजू डुलायचा. नाणं आता त्या पायाखाली आहे.