पाटावर ठेवलेलं पुस्तक

सेवकराम पोथी वाचायला बसले की कोंढा गावातल्या बाया आपसूक डोक्यावर पदर घेत. आवाजच तसा. दिवसभर पिठाच्या चक्कीवर गिऱ्हाइकांशी ओरडून बोलायचं, त्यानं गळा तयार झालेला. ओवीचा शेवटचा शब्द ते असा ओढत की देवळामागची म्हैस रवंथ करायची थांबते, असं चिंधू म्हणे. चिंधू त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. खांबाला टेकून बसायचा आणि अर्ध्या अध्यायात घोरायचा.

पोथीची एक रीत असते. वाचणाऱ्यानं वाचायचं, अर्थ सांगायचा, ऐकणाऱ्यानं हात जोडायचे. मध्येच कोणी 'हे असं कसं?' म्हणत नाही. एवढ्या वर्षांत सेवकरामना कोणी एक प्रश्न केला नव्हता. आपलं वाचन पक्कं म्हणूनच करत नाहीत, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

श्रावण सरला, पोथी संपली, पण बायांची सवय जाईना. कायम पुढं बसणारी लीलाबाई म्हणाली, "आबाजी, काहीबी वाचा बापा. सांज सुनी सुनी लागते."

नेमकं तेव्हाच नागपूरच्या पुतण्यानं, मंगेशनं, एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडं ठेवलं होतं. लसींनी लेकरांना अपाय होतो का, यावरचं. त्यावरून मोठा वाद पेटलेला. थोडे म्हणत, विचारलं ते बरं झालं. बहुतेक डॉक्टर म्हणत, यातले आकडेच वाकडे आहेत. देताना मंगेश बोलून गेला, "काका, हे भांडत भांडत वाचाचं पुस्तक आहे. ज्याले उलटं इचारता येते, त्यानंच वाचावं."

सेवकरामना ते झोंबलं. म्हणजे आपल्याला येत नाही की काय? दुसऱ्याच सांजेला त्यांनी पोथीचा पाट मांडला, त्यावर लाल कपडा अंथरला आणि ते पुस्तक ठेवलं.

मनात पाप नव्हतं. पण गळ्याला दुसरी चालच ठाऊक नव्हती. कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा बाळाची गोष्ट ते वाचत, 'सुई टोचली आणि...' म्हणून थांबत, बाया "अगे माय!" म्हणत. लिहिणाऱ्यानं जिथं जिथं 'कदाचित' लिहिलं होतं, तिथं चाल मोडायची, म्हणून तो शब्द ते गाळून टाकत. 'असावं'चं 'आहे' होऊन जाई. चिंधूसुद्धा जागा राहू लागला.

"तुया पोथीत राक्षस लय उशिरा येते गा," तो म्हणाला, "यात तं पयल्याच पानावर येऊन बसला!"

असंच एका सांजेला ते देवळाकडं निघाले आणि पवनीहून मुलाचा, कैलाशचा फोन आला. "बाबा, लेकराले नऊ महिने झाले. गोवराची सुई द्याची आहे. पण तुमी तं देवळात काय काय वाचून रायले म्हणते?"

"देऊन टाक," सेवकराम म्हणाले. "डॉक्टर म्हणते नं? पुस्तकात काय, काईबी असते."

फोन खिशात घातला, पाटासमोर बसले आणि पुढचा भाग वाचला. त्या वेळी त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. पुढं त्यांना जाळलं ते यानंच.

लसीच्या दिवशी नर्सबाई अंगणवाडीत डबा उघडून बसून राहिली. लीलाबाईची सून रीना पोरीला काखेत घेऊन निघाली होती. सासूनं तिला दारातच अडवलं. "ग्रंथात आलं आहे वो. जाऊ नोको." रीना माघारी फिरली.

धान कापणीला आलं तेव्हा पोरीला गोवर निघाला. आधी ताप, मग अंगभर पुरळ, मग छाती भरली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. सेवकरामनी भेटायला जायचं रोज ठरवलं आणि रोज चक्कीचा पट्टा चढवला. एकदा चिंधू आत आला, तर वर दाणा नाही आणि चक्की गरगर फिरते आहे.

"कायले फिरवून रायला गा? दगडच दगडाले खाऊन रायला!"

"राहू दे," सेवकराम म्हणाले. "बंद केली की आयकू येते सारं."

काय ऐकू येतं, ते चिंधूनं विचारलं नाही.

पोरगी वाचली. घरी आली ती कापसासारखी हलकी होऊन, एक कान वाहता घेऊन. त्या कानानं ऐकू येईल की नाही, ते पुढं कळेल, म्हणाले डॉक्टर.

त्या सांजेला सेवकरामनी सगळ्यांना देवळात बोलावलं. पाट मांडला नाही. पायरीवरच बसले. "मी वाचलं ते चुकलं," एवढं म्हणायला त्यांना घाम फुटला. "त्या पुस्तकाले पोथीवानी वाचाचं नोयतं. लेकराईले सुया द्या."

लीलाबाईनं लगेच हात जोडले. "तुमी म्हणान तसं, आबाजी. टोचा म्हणता तं टोचू." आणि ती त्यांच्या पायाशी वाकली. मागच्या बायांनीही हात जोडले.

सेवकरामनी पाय आखडून घेतले. उठून घरी जाता आलं असतं. माफी झाली होती, मानही राहिला होता.

मागं उभ्या असलेल्या रीनानं पोरीला खांद्यावर सावरलं. "आबाजी, कैलाशभाऊच्या लेकराले देल्ली का सुई?"

"अवो, आबाजीले असं इचारते का कोनी?" लीलाबाई वाकल्या जागेवरूनच खेकसली.

"इचारू दे तिले." सेवकराम खाली बघत राहिले. मग म्हणाले, "देल्ली. मीच दे म्हटलं. त्याच सांजले इथं बसून तुमाले वाचून दाखवलं."

लीलाबाईला त्यांच्या पायाजवळून उठायला फार वेळ लागला. उठली, पदर नीट केला आणि त्यांच्याकडं न पाहता चालू लागली. तिच्या मागून एकेक बाई गेली. चिंधूनंही चपला शोधल्या.

रीना तेवढी गेली नाही.

"आबाजी, मंग आमचं लेकरू तुमाले काय वाटलं?"

पोरीच्या कानातला कापसाचा बोळा ओला झाला होता. रीनानं तो काढला, ओच्यातून नवा घेऊन घातला आणि उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.