द्रिताच्या आईचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी बँडमधली भांडणंसुद्धा चवीनं सांगते. पण आता पोटात ठेवून ठेवून कंटाळले.

मी कतारमध्ये, दोह्यात राहते. दिवसा ऑफिस आणि वीकएंडला एका हॉटेलच्या लाउंजमध्ये जॅझ गाते. नाव बऱ्यापैकी झालंय, तेही एकाच गाण्यामुळे. पियानोवाला खाली एकच सूर धरून ठेवतो आणि वर मी फिरते. गाण्याआधी सांगते — ही माझ्या कोकणातल्या आजीची ओवी, खालचा सूर म्हणजे जात्याची घरघर. लोक डोळे मिटून ऐकतात. मुलाखतीतही तेच छापून आलं. ते वाचून आईचा रत्नागिरीहून फोन आला, "अगो, तुझ्या आज्जीनं जातं कधी फिरवलंन होतं?" मी म्हटलं, स्टेजवर असंच बोलायचं असतं.

आजी टेलिफोन ऑपरेटर होती. दळण गिरणीतून आणायची, आणि आरतीतसुद्धा बेसूर व्हायची!

मग गाणं कुठलं? सांगते, थांबा. माझे स्टेजचे गाऊन इथल्याच मदिनत खलीफा भागातली द्रिता शिवायची. ती अल्बेनियाची. तोंडात टाचण्या नसल्या की आईचं एक गाणं गुणगुणायची. एकदा म्हणाली, "तू खाली नुसता 'ए' असा लांब सूर धर. आमच्याकडे हे एकटीनं गात नाहीत, कुणाला तरी सूर धरावाच लागतो." अर्धवट शिवलेल्या गाऊनमध्ये, आरशासमोर मी सूर धरला. अंगावर काटा आला. पुढच्या काही फिटिंगमध्ये ती चाल माझी झाली — झाली कसली, मी केली. वर मराठी शब्द चढवले.

का? शिवणाऱ्या बाईकडून शिकले म्हणायची लाज वाटली. आजीची ओवी ऐटदार वाटली. एवढंच.

एकदा मीच तिला ऐकायला बोलावलं. ते गाणं त्या दिवशी गाळणार होते — पण लोकांनी मागितलं, मॅनेजरनं खुणावलं. आजीची गोष्टही नेहमीसारखीच सांगितली. गायला लागले, आणि तिच्या टेबलावरून 'ए' आला. द्रितानं माझ्यासाठी सूर धरला होता.

वाटलं, आता खलास. गाणं संपल्यावर ती आली ती गळ्यातच पडली. "तुझी आजीपण हेच गायची? आधी का नाही सांगितलंस?" तिला शंकासुद्धा आली नव्हती. तिथूनच तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन माझ्यापुढे धरला. म्हातारी आनंदानं काहीतरी बोलत होती. "आई विचारतेय, खरंच गायची का गं?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली होती?

मी हसून म्हटलं, हो, रोज पहाटे.

हे लिहिलं आणि किती हलकं वाटतंय! तसं वाटावं की नाही, कोण जाणे — पण वाटतंय खरं. मधेच उठून रियाजाला बसले, तर आज घसा मोकळा होता.

द्रिता नंतर गावी परतली. मध्यंतरी तिचा मेसेज आला. आई गेली. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायची, आपलं गाणं इंडियातसुद्धा बायका जात्यावर गातात.

कुणी गात नाही. मी तेवढी गाते, तिचं चोरून.