लेकीची स्की अन् दोन सेंटिमीटर

मंडळी, आज दुपारी दीड महिन्यानं लेकीचा फोन आला. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, ती गुलमर्गला स्कीइंग करते. घरात मी एकटाच.

"आबा, स्की माझ्या उंचीएवढी घेऊ का लांब? उतारावर फिरायचंय, उड्याही मारायच्यात."

"उंचीएवढीच घे. लांब स्की हवेत फिरवायला जड जाते."

"अन् बूट अडकवायचं बाइंडिंग? बरोबर मध्यात बसवू?"

"दोन सेंटिमीटर मागं. पुढं लांबी राहिली की मऊ बर्फात टोक रुतत न्हाई."

"हाव," म्हणाली अन् फोन ठेवला.

मी बर्फ कधी पाहिला नाही. आकृती काढून पुन्हा तपासलं, उत्तर बरोबर होतं. "घरी कधी येतेस?" हे मात्र ओठावर येऊन राहिलं.

तुम्ही लेकरांना असं सरळ विचारता का?