घाटावरचे चार पेन्शनर

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. आम्ही उंब्रजच्या घाटावर शेंगा खात बसायचो, आणि उठताना बघावं तर पायाशी फोलपटांचा ढीग. एवढ्या खाल्ल्या कुणी म्हणून विचारलं की चौघंही दुसऱ्याकडं बोट दाखवणार. किश्श्यांचंही तसंच झालं. आता मी एकेक फोलपट उचलून दाखवतो, त्यात दाणा निघाला तर तुमचं नशीब.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. सुभेदार, म्हणजे सारी उमर पलटणीत काढून गावी आलेला गडी. गार्डसाहेब, पुणे-मिरज लायनीवर हिरवं निशाण हलवून हलवून खांदा निखळलेले. मास्तर, शाळेत पाढे म्हणून घेता घेता आवाज बसलेले. आणि चौथा मी, दादू पोस्टमन. तिसरीतून पळालो तो थेट टपालाच्या पिशवीत पडलो. चौघांच्या पेन्शनी एकत्र केल्या तरी एका मामलेदाराच्या घोड्याचा चारा झाला नसता. पण घाट सरकारी, नदी फुकट आणि करंजाच्या झाडाची सावली घरपट्टीत येत नाही, तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

काळजी फक्त मास्तरांची. बायको गेलेली, स्वतःच भाकरी थापायची. मुलगा श्रीधर पुण्याला हापिसात कारकून. लढाईचे दिवस, साखर आणि रॉकेल रेशनकार्डावर. श्रीधर आला की बापाच्या गळ्याची हाडं बघायचा आणि म्हणायचा, "बाबा, ह्या पेन्शनीत तुमचं भागत नाही. एकदा येईन तो तुम्हाला न्यायलाच."

मास्तर म्हणायचे, "बरं."

मास्तरांना जायचं नव्हतं. पुण्यात दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, तीत सहा माणसं, नळ खाली. पण आयुष्यभर पोरांना 'नाही' म्हणून म्हणून त्यांच्याकडचे सगळे 'नाही' संपले होते, स्वतःच्या पोरासाठी एकही उरला नव्हता.

आणि मास्तर गेले तर आमची भांडणं सोडवणार कोण?

* * *

वर्तमानपत्र आम्ही विकत घेत नसू. दगडूशेट वाण्याकडं ते यायचं. तो वाचायचा, त्याचा मेहुणा वाचायचा, मग गुळाच्या पुड्या बांधायला जायच्या आधी आमच्या हाती लागायचं. तोवर आठवडा उलटलेला. मास्तर मोठ्यानं वाचायचे, आम्ही डोळे मिटून ऐकायचो. पाणी संथ, वर घारी फिरतायत, आणि त्या आवाजात कुठल्या कुठल्या देशांतल्या तोफा. ऐकताना असं वाटायचं की लढाई कुणीतरी आपल्याला झोप यावी म्हणून सांगतंय.

घाटाचा एकच कायदा होता. ताजी बातमी कुणी सांगायची नाही. सांगितली की पुढच्या आठवड्याच्या पेपरातली गंमत गेली.

एक दिवस गावात गलका झाला. लढाई संपली, पेढे वाटा. एक माणूस घाटाकडं पळत आला तसे सुभेदारांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि गरजले, "खबरदार. आमची अजून चालू हाय."

पुढं आठ दिवस त्यांनी एकट्यानं लढाई चालवली. कुठली पलटण कुठं न्यावी, ते काठीनं वाळूत रेघा ओढून दाखवायचे. गाव हसायचं. आठव्या दिवशी मास्तरांनी पेपर उघडला, वाचला आणि घडी घातली. सुभेदार उठले, नदीकडं तोंड करून सलाम ठोकला आणि घरोघर गूळ वाटत निघाले.

शेवटच्या घरची म्हातारी त्यांना म्हणाली, "आवं सुभेदार, ह्या वयात? मुलगा का मुलगी?"

* * *

ह्या सुभेदारांचा एक खाकी कोट होता. पलटणीतला. थंडीत, उन्हात, भर चैत्रातही तोच. गळ्यापर्यंत बटणं. घामाच्या धारा लागायच्या पण कोट निघायचा नाही. म्हणायचे, "कोट पेटीत ठिवला की कसर लागती."

मी गावात सोडून दिलं की सुभेदारांनी कोटाच्या आत काहीतरी लपवलंय. काय ते मी सांगितलंच नाही. लोकांना अर्धीच गोष्ट द्यावी, उरलेली ते स्वतःच्या खर्चानं तयार करतात. कुणी म्हणे बिल्ला आहे, कुणी म्हणे बंदुकीची गोळी अजून छातीत आहे. शेवटी घाटावर आमच्यासमोरच न्हाव्यानं हजामत करता करता विचारलंच, "सुभेदार, आत काय हाय वो?"

सुभेदारांनी अर्ध्या साबणाच्या तोंडानं माझ्याकडं बघितलं.

"आत मी हाय," ते म्हणाले.

आम्ही समजलो. त्या साली सदऱ्याचं कापडही कार्डावर होतं.

* * *

गार्डसाहेबांचं खिशातलं घड्याळ बंद पडून कैक वर्षं झाली होती. दुरुस्तीला द्यायचं तर मिरजेला जायला हवं. पण कुणी वेळ विचारली की साहेब साखळी ओढून घड्याळ काढायचे, झाकण उघडायचे, डोळ्याच्या कोपऱ्यातून सूर्याकडं बघायचे आणि वेळ सांगायचे. बरोबर निघायची.

मी म्हटलं, "साहेब, मग हे वझं कशाला बाळगता?"

"दादू, वेळ बघायला घड्याळ लागत न्हाई. दाखवायला लागतं."

मग मी एक ढगाळ दिवस गाठला. सगळं आभाळ राखेच्या रंगाचं, नदी आणि आकाश वेगळं काढता येत नव्हतं. मी मुकाट साहेबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "किती वाजले?"

साहेबांनी घड्याळ काढलं. झाकण उघडलं. वर बघितलं, खाली बघितलं, नदीच्या पल्याडच्या उसाकडं बघितलं. मग झाकण टक्कन मिटून म्हणाले,

"आज समद्या गाड्या लेट हायत."

* * *

मास्तरांच्या छपरावर दुधीभोपळ्याचा वेल होता. सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी. आणि त्यातलाही निम्मा शेजारणीला. श्रीधर म्हणायचा ते खोटं नव्हतं, मास्तर दिवसेंदिवस पातळ होत चालले होते. घाटावर उन्हात बसले की त्यांच्या पलीकडची नदी दिसेल असं वाटायचं. पण काही द्यायला जावं तर म्हणणार, "माझं पोट भरलंय, दादू."

तेव्हा मी एक काम केलं. भल्या पहाटे, धुकं असताना, भिंतीवर चढलो आणि त्यांच्या दुधीच्या वेलाला दोऱ्यानं चार वांगी बांधून आलो. चांगली जांभळी, कृष्णाकाठची.

उजाडल्यावर समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. मास्तर बाहेर आले. वेलाकडं बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, लोक जमवतील. काही नाही. एकेक वांगं हलकेच सोडवलं, दोरा गुंडाळून खिशात टाकला आणि आत गेले. दुपारी घाटावर आले तेव्हा हातांना भरताचा वास.

मी म्हटलं, "मास्तर, आज काय केलंत?"

"दुधी," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घेवडा बांधला, तिसऱ्या दिवशी दोडका. मास्तर घाटावर येऊन रोज 'दुधी' म्हणायचे. चौथ्या दिवशी पहाटे मी भिंतीवर चढतोय तो धुक्यात मास्तर वेलाखाली उभे. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी तसाच भिंतीला चिकटलो.

मास्तर वेलाला म्हणाले, "हे वेलराजा, कृपा आहे. फक्त उद्या कोथिंबीर विसरू नये."

* * *

एका हिवाळ्यात नदीच्या वाळूत तंबूचा सिनेमा आला. तिकिटं काढून आत बसणारी माणसं वेगळी. आम्ही दिवेलागणीला तंबूच्या मागच्या बाजूला वाळूत बसलो. पडदा साध्या कापडाचा, चित्र मागूनही दिसतं. वर चांदण्या, मांडीखाली गार वाळू, आणि त्या कापडावर राजे, राण्या, घोडे येतायत आणि जातायत. मास्तर तर तोंड उघडं टाकून बघत होते.

मागून बघितलं की सगळं उलटं. राजपुत्र डाव्या हातानं तलवार चालवत होता. सुभेदारांना ते खपेना. "डावरा? आमच्या पलटणीत ह्याला पयल्या दिवशी हाकलला आसता." गार्डसाहेब म्हणाले, "राजाचं पोरगं हाय, त्याला कोण हाकलतंय?" त्यावर दोघांचं असं पेटलं की आतल्या लोकांनी कापडाला गुद्दे मारले.

भांडण मास्तरांकडं आलं. मास्तर कधी असल्या गोष्टीवर दिडकी घालणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः तिकीट काढून आत गेले. आम्ही मागं वाळूत वाट बघत बसलो. संपल्यावर आले ते खाली मान घालून.

"काय निघाला, मास्तर? उजवा का डावा?"

"उजवा," मास्तर म्हणाले. मग वाळूत बसत, "समोरून अगदी साधा माणूस आहे रे. आपल्या बाजूनंच बरा दिसत होता."

* * *

आता श्रीधर आला त्या रविवारचं सांगतो.

ह्या खेपेला तो खरंच न्यायला आला होता. सकाळीच वळकटी बांधली. मास्तरांच्या घरात होतं काय, एक ट्रंक आणि ही वळकटी. शेजारणीला वेल सांभाळायला सांगितला. संध्याकाळी सातारची सर्व्हिस मोटार होती, ती सडकेवर भोंगा वाजवणार की हे निघणार. मास्तर म्हणाले, "तोवर घाटावर जाऊन येतो." श्रीधर म्हणाला, "मीही येतो, नाहीतर तुम्ही वेळ विसराल."

आम्ही तिघं आधीच बसलो होतो.

रविवारी दुपारी आमचा प्रवासाचा दिवस असायचा. पेन्शनीत कुठं जाता येतं? म्हणून आम्ही डोळे मिटून बसायचो आणि गार्डसाहेब गाडी सोडायचे. मसूरला चढायचं, मिरजेला उतरायचं. मधे डोळे उघडायचे नाहीत. साहेब रूळ बदलल्याचा खडखडाट तोंडानं करायचे, स्टेशनांची नावं घ्यायचे, आणि आम्ही ज्याला जे हवं ते खिडकीतून विकत घ्यायचो. सुभेदार कराडला डझनभर केळी घ्यायचे. मी शेणोलीला भजी. मास्तर मात्र गाडीतही काटकसर करायचे. थर्ड क्लासात बसायचे आणि म्हणायचे, "मला काही नको, मी घरून खाऊन निघालोय."

श्रीधर पायरीवर बसला. घामानं सदरा चिकटलेला, डोळ्यांखाली काळं. पुण्यात त्याचं काय चाललंय ते त्याच्या चपलांवरून दिसत होतं. मास्तरांपेक्षा तोच वाळलेला. आम्ही इतकी वर्षं बापाची हाडं मोजणारा मुलगा बघितला, मुलाची हाडं कुणी बघितलीच नव्हती.

गार्डसाहेबांनी घसा साफ केला. "चला, गाडी लागली. बसून घ्या."

श्रीधर म्हणाला, "काका, आम्हाला मोटार गाठायचीय."

"मोटार संध्याकाळी. ही आत्ता हाय. डोळं मिट."

का कोण जाणे, त्यानं मिटले. शिट्टी झाली. गाडी हलली. हे मी तुम्हाला पटवू शकत नाही, पण हलली. खालची नदी मागं जाऊ लागली, करंजाची सावली अंगावरून सरकू लागली. मसूर गेलं. कराडला सुभेदारांनी केळी घेतली. शेणोलीला मी भजी घेतली आणि वासही आला. नंतर ताकारी, उसाचे फड, वारा.

मधेच श्रीधर म्हणाला, "मला खिडकीपाशी बसायचंय."

चाळिशीला टेकलेला माणूस. पण आवाज वेगळाच होता. मास्तर उठल्याची चाहूल लागली, चाचपडत सरकले, नदीकडची जागा त्याला दिली.

सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. मी एक डोळा किंचित उघडला, प्रवासाच्या कायद्याविरुद्ध. सुभेदार डोळे घट्ट मिटून होते, साहेबांच्या कपाळाला घाम आलेला. भोंगा पुन्हा वाजला, लांब गेला. कुणी हललं नाही. मी डोळा मिटला.

भिलवडी गेलं. पूल गेला, त्याचा आवाज साहेबांनी नेहमीपेक्षा लांबवला. मग ते हळूच म्हणाले, "मिरज. गाडी इथवरच. उतरून घ्या."

कुणी उतरेना.

"ही पुढं नाही का जात?" श्रीधरनं विचारलं.

साहेबांची सारी नोकरी पुणे-मिरज. मिरजेच्या पुढं ते कधी गेलेच नव्हते. त्यांचा खडखडाट थांबला. नदीचा आवाज तेवढा यायला लागला.

मास्तर म्हणाले, "जाते. तू नीज. तिकीट मी काढलंय."