यात काय ठेवणार?

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी भांड्यांच्या दुकानात स्टीलचा डबा निवडत होते. फोनवर तिचा धाकटा भाऊ प्रदीप होता. "शबाताई, आक्का गेली..." एवढंच बोलला. मी डबा हातात धरून तशीच उभी. दुकानदार विचारतोय, "मॅडम, हाच देऊ का?" आणि मला त्या क्षणीही तिचाच आवाज ऐकू आला, 'आधी सांग, यात काय ठेवणार?' डबा न घेताच घरी आले.

खरं तर तो प्रश्न माझ्या अब्बांचा. अब्बा पाटोद्याच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. शाळा सुटली की सुजाता दप्तरासकट आमच्या भात्याशेजारी येऊन बसायची आणि नवसागराच्या धुरात खोकत अब्बांचं डोकं खायची. अब्बा तिला वकीलसाहेब म्हणायचे. गिऱ्हाइकाचं भांडं हातात घेतलं की अब्बा पहिल्यांदा विचारणार, "बाई, ह्यात काय ठिवणार हाय?" नुसतं पाणी म्हटलं तर भांडं परत. "मग कल्हई कावून करता? ऱ्हाऊ द्या तसंच." ताक किंवा आमटी म्हटलं की मात्र कथलाचा हात जरा सढळ व्हायचा. पितळेत ताक कळकतं हे सगळ्याच घरांत माहीत होतं. सुजाताला मात्र ते का कळकतं, हे हवं असायचं.

वकील काही ती झाली नाही. धातूंचं शास्त्र शिकली आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी भांडी बनवणाऱ्या कंपनीत लागली. भांडी म्हणजे दोन मजली घराएवढी, आत प्रचंड दाब. त्यांच्यासाठी पोलादाचा पत्रा निवडायचा, हे तिचं काम. मी एकदा शहाणपणा केला, "त्यात काय एवढं? सगळ्यांत जाड, सगळ्यांत कडक बघून घ्यायचा, झालं!" तिनं कपाळावर हात मारला. "शबे, तू अब्बाचीच लेक ना बे?" (आम्हा दोघींत हे 'बे' चालायचं, तिच्या आईला मुळीच चालायचं नाही.) मग तिनं समजावलं. कच्च्या तेलाबरोबर गंधकाचा विषारी वायू येतो. तो आणि पाणी एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि थेट पोलादाच्या आत शिरतो. पत्रा लाटताना आतली घाण चपटी होऊन बसलेली असेल तर तिथं तो साठतो, फुगतो आणि पत्रा आतल्या आत चिरत जातो. बाहेरून चकचकीतच. कडक पोलाद तर आणखी लवकर तडकतं. म्हणून तिला नरम आणि आतून स्वच्छ पत्रा हवा असायचा.

अशाच एका भांड्यासाठी आलेला पत्रा तिनं अडवला. कागदोपत्री सगळं ठीक होतं. पण हिनं त्यातला तुकडा कापून तसल्याच वायूच्या पाण्यात ठेवला, मग चिरून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आत पापुद्र्यांसारख्या भेगा. साहेब म्हणाले, "दुसऱ्या चांगल्या पत्र्याचा तुकडा तपासणीला लावा. पास होईल." हिनं विचारलं, "आणि पहिल्या तुकड्याचं काय करू?" पत्रा परत गेला, भांडं रखडलं, गिऱ्हाईक चिडलं. वरची जागा तिच्या हाताखालच्याला मिळाली आणि हिला दुसऱ्या विभागात धाडलं. त्या सुट्टीत तो तुकडा तिनं माझ्याकडे आणून ठेवला. "घरी नको, आई इचारत बसंल." मी तो लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवून दिला.

शेवटची भेट तिच्या आजारात झाली. आजार पोटात आतवर पसरलेला, बाहेरून काही पत्ताच नव्हता. यावरून पत्र्याची उपमा देईन तर ती उठून मला मारेल, म्हणून देत नाही. पडल्या पडल्या म्हणाली, "शबे, मी उगंच हट्ट केला का गं? तो पत्रा लावला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. मला आता कधीच कळणार न्हाई..." मी नुसता तिचा हात दाबला. फार वाईट वाटलं तेव्हा, अजून वाटतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर पाहुण्यांचा चहा माझ्या घरी होता. केजहून एक सोनवणे नावाचे गृहस्थ आले होते. ते रखडलेलं भांडं शेवटी ज्या तेलशुद्धीकरण कारखान्यात बसलं, तिथं त्यांनी वर्षानुवर्षं पाळीवर काम केलेलं, आता निवृत्त. तपासणीच्या निमित्तानं सुजाता तिथं जायची, बोलण्यावरून गावाकडची ओळख निघाली होती. म्हणाले, "मॅडम आल्या की एका भांड्यापाशी हमखास थांबायच्या. मला इचारायच्या, 'काका, कसं हाय ह्याचं?' मी म्हणायचो, 'काय न्हाई मॅडम, गपगुमान उभं हाय.' लई खूश व्हायच्या. मला कळायचंच न्हाई कावून. त्याच्या शेजारून तर आमी रोज जायचो."

मी उठून बरणीवरचा तुकडा आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्या भांड्यासाठी आधी काय आलं होतं आणि ते कुणी परत पाठवलं, ते सांगितलं. त्यांनी तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला, चिरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. चहा तसाच गार झाला. मग स्वतःच आत जाऊन त्यांनी तो बरणीवर ठेवला.

"पोरं ल्हान होती माझी तवा," ते म्हणाले.

सुजे, ऐकलंस ना?